प्लास्टरवर शाल

बायकोचं मनगट मोडलं ते माझ्या पुस्तकांच्या कपाटावरची धूळ पुसताना, स्टुलावरून पडून. दोष कोणाचा हे उघड होतं.

दवाखान्यात प्लास्टर घालणारा माणूस पन्नाशीचा असेल. हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे झालेले.

"काकू, हात सैल सोडा. मला मारायला उचलल्यासारखा नको."

"तुम्हाला नाही, ह्यांना मारायचंय," ती म्हणाली.

ओल्या पट्ट्या गुंडाळून झाल्यावर तो म्हणाला, "आता दहा-पंधरा मिनिटं गरम लागेल. हात उघडा राहू द्या, हवा लागू द्या." आणि पडद्याआड दुसऱ्या पेशंटकडे गेला. तिकडे कोणीतरी कण्हत होतं.

मी तिच्या बोटांना हात लावला. गार पडली होती. सकाळपासून माझा कोणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. मी उशी आणून तिच्या हाताखाली ठेवली आणि माझी लोकरी शाल प्लास्टरभोवती दोनदा गुंडाळली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, भाजतंय."

"भाजणारच. ही उष्मादायी अभिक्रिया आहे. प्लास्टर म्हणजे जिप्सम, हे खनिज भट्टीत तापवून त्यातलं पाणी घालवलेलं असतं. ते पाणी परत मिळालं की ते उष्णता बाहेर टाकतं."

"वर्गात नाही आहात तुम्ही. खरंच भाजतंय."

आणि वर्गच डोळ्यांपुढे आला. एकतीस वर्षं मी मुलांना अभिक्रियेची उष्णता मोजायला शिकवली. चंचुपात्राला कापूस गुंडाळायचा, म्हणजे उष्णता बाहेर निसटत नाही. तिच्या हाताचं मी तेच केलं होतं.

शाल ओढून काढली. प्लास्टरला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तिने ओठ आवळले होते. पडद्याआडचं कण्हणं चालूच होतं. मी असा माणूस आहे की दुकानदाराचं लक्ष नसलं तर न घेताच परत येतो. शिवाय वाटलं, आपलं चुकत असेल तर? प्लास्टर काढायला लावलं तर नीट बसवलेलं हाड उगाच हलेल. पण आत कातडी भाजत असली तर?

"दादा," मी पडद्याकडे तोंड करून म्हणालो. कण्हण्यात ते बुडून गेलं. पुन्हा म्हणालो, "दादा, लवकर या. मी प्लास्टर झाकून ठेवलं होतं."

तो आला, हात लावून पाहिला आणि कात्री घेतली. प्लास्टर उकललं. कातडी लालभडक झाली होती, पण फोड नव्हता. तो ओल्या फडक्याने हात निववत राहिला.

"झाकायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी रसायनशास्त्र शिकवायचो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओरडेल असं वाटलं.

"असू द्या, सर. डॉक्टरसुद्धा बायकोला घेऊन आले की असंच काहीतरी करतात."

लाली उतरल्यावर दुसरं प्लास्टर त्याने गार पाण्यात भिजवून घातलं. "आता तुम्हीच धरा. दंडाला धरून हात असा अधांतरी. कशाला टेकवायचा नाही."

मी धरला. ऊब चढत गेली. मी दर मिनिटाला विचारत होतो आणि ती "सोसवतंय" म्हणत होती. मग चढायची थांबली आणि हळूहळू उतरू लागली. माझा खांदा भरून आला होता.

"दुखला तर सांगा," ती म्हणाली.

"माझा?"

"मग कोणाचा?"