संकटांच्या समुद्रातला निळा ठिपका

आधी ॲपबद्दल सांगतो. म्हणजे पुढचं कळेल.

चंद्र बघायचं ॲप आहे. आज आकाशात चंद्राचा जेवढा भाग उजेडात असेल तेवढाच स्क्रीनवर उजळ, बाकीचा काळपट. बोट ठेवलं की त्या जागेचं नाव येतं. आणि त्यात 'सोबत बघा' असं एक बटण आहे. ते दाबलं की दोघांच्या फोनवर एकच चंद्र, जागचा न हलणारा. तुमचं बोट जिथं असेल तिथं समोरच्याला ठिपका दिसतो. माझा पिवळा. तिचा निळा. बोलायची सोय नाही, लिहायची नाही. फक्त ठिपका.

ॲप तिनं शोधलं. ती नर्स. मी मोबाइल दुरुस्त करतो. कुठं शिकलो वगैरे नाही, घरातले दोन फोन कायमचे मारले तेव्हा तिसऱ्यावर हात बसला.

ॲपची भाषा मराठी केली की भारी नावं येतात. चंद्रावर प्यायला थेंब नाही, पण समुद्र ढीगभर. शांततेचा समुद्र, ढगांचा समुद्र. एक सडकी दलदल पण आहे.

"अरे, हा तर तुझ्या दुकानाचा पत्ता!" ती म्हणाली होती.

आणि उजव्या कडेला, जरा वर, एक गोल काळा डाग. संकटांचा समुद्र.

"आपण इथंच घर घेऊ," ती म्हणाली.

"संकटात?"

"मग काय. तुला ओळखीचं तरी वाटेल."

मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. मोठं हॉस्पिटल. मी चांगला वागलो नाही, खोटं कशाला बोलू. ड्यूटीवर असताना दहा-दहा फोन करायचो. नाही उचलला की अकरावा. कोणाबरोबर आहेस, एवढा वेळ का लागला. एक दिवस ती दुकानात आली, काउंटरच्या पलीकडेच उभी राहिली.

"आता फोन करू नकोस," म्हणाली. "तिकडे येऊही नकोस. वाटलं तर मीच येईन."

"मला कसं कळणार?"

"आले की कळेल."

तिचा जुना फोन तेवढा माझ्याकडे राहिला. पडून उजव्या बाजूला तडा गेलेला, थोडे दिवस आधी दुरुस्तीला दिलेला. तिनं नवीन घेतला होता, त्यामुळं घाई नव्हती. 'थांबलेली कामं' असं लिहिलेल्या खणात मी तो पालथा टाकला होता. ती गेल्यावर त्या खणाकडे बघवेनाच. कोणाचं काही काढायचं असलं तरी वरच्या वर हात घालून, न बघता काढायचो.

ती गेल्यावर आठवड्यानं, सकाळी दुकान उघडून जरा वेळ झाला होता. गिऱ्हाईक नव्हतं. ॲप उघडलं, सहज. 'सोबत बघा' दाबलं.

निळा ठिपका होता.

संकटांच्या समुद्रात.

मी खुर्चीतून उठलोच. माझं बोट हळूच तिथं नेलं. पिवळा ठिपका निळ्याशेजारी. निळा थरथरला. जरा वर गेला, परत खाली आला. थांबला. परत थरथरला.

आले की कळेल, म्हणाली होती ना.

त्यानंतर रोज. साडेदहाच्या आसपास ठिपका यायचा आणि दिवसभर मधूनमधून दिसायचा. पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले की तो समुद्र अंधारात जातो. तरी ठिपका तिथंच, काळ्यात निळा. मी समोरच्या फुटपाथवर जाऊन बघायचो तर भर सकाळी पश्चिमेला पांढुरका चंद्र, उजवी बाजू खाल्लेली. आणि खिशातल्या फोनवर त्याच नसलेल्या बाजूला ती.

मंगळवारी यायची नाही. मंगळवारी दुकान बंद, मी घरी, दिवसभर ॲप उघडून बसलेलो. काही नाही. म्हटलं, मंगळवारी तिला ऑपरेशन थिएटर असेल. रात्रीही यायची नाही. म्हटलं, दमून झोपत असेल. सगळ्याला कारण होतं माझ्याकडे.

दुकानाच्या अर्ध्या भागात घड्याळवाले काका बसतात. डोळ्याला भिंग लावून ते सगळं ऐकतात.

"आली का रे तुझी सून?" रोज विचारायचे.

"काका, माझी सून कशी असेल? तुमची असेल."

"माझी नको बाबा. ठिपक्याला चहा कोण करून घालणार?"

पण मी रविवारी तिकडे जायचं ठरवलं तेव्हा त्यांनी भिंग काढलं. "येऊ नकोस म्हणाली होती ना?"

"तेव्हा म्हणाली होती. आता रोज येतेय, काका. चार महिने. मंगळवार सोडला तर एक दिवस चुकवत नाही. आता मीच गेलो नाही तर मी दगड."

काकांनी भिंग परत लावलं. नवा शर्ट घे म्हणाले. घेतला.

शनिवारी, म्हणजे जायच्या आदल्या दिवशी, तिची आई आली. मला भीती वाटली, पण मावशी नेहमीसारख्याच. पिशवी काउंटरवर ठेवली, घाम पुसला.

"तिचा जुना फोन आहे ना तुझ्याकडे? दे बाबा करून. मलाच वापरायचाय. तशी काही घाई नाही, बसते मी."

"ती कशी आहे, मावशी?"

"बरी आहे. रमली आता. पहिले पहिले रडायची."

मला विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं. "अजून चंद्र बघते का?"

"कसला चंद्र?" मावशी हसल्या. "तिच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही म्हणते. आणि ते फोनवरचं म्हणत असशील तर नवीन फोनमध्ये तिनं ते घेतलंच नाही. मीच विचारलं होतं, एवढी वेडी होतीस त्याची. तर म्हणाली, नको आता."

"तरी बघत असेल. मधूनमधून."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवी जवळ ओढली.

मी खण ओढला.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. काच फुटलेल्या फोनला कधीकधी घोस्ट टच येतो. म्हणजे कोणी हात न लावता स्क्रीनला वाटतं बोट लागलंय. चार्जर हलका असेल तर हमखास. दिवसाला दोन गिऱ्हाइकं येतात, फोनला भूत लागलंय म्हणत. मी हसतो त्यांना.

खणात एक चार्जरची वायर सोडलेली आहे, पडून असलेल्या फोनची बॅटरी मरू नये म्हणून. मीच सोडलीय. फोन तपासायला घेतला की चार्जिंगवर असताना स्क्रीन बंद होऊ नये अशी सेटिंग मी करून ठेवतो. तीही मीच केलेली. दुकानाचं वायफाय त्यात मीच टाकलेलं. दुकान उघडलं की मेन स्विच चालू, बंद केलं की बंद. मंगळवारी दिवसभर बंद.

फोन सरळ केला. चंद्र उघडा होता, 'सोबत बघा' चालू. दुरुस्तीला देताना तिनं त्यातच दाखवलं होतं, बघ, आपोआप कसं होतंय. उजव्या कडेला, तडा गेला होता तिथं, निळा ठिपका थरथरत होता. जरा वर जायचा. परत खाली.

शेजारी माझा पिवळा. माझ्या फोनवर बोट टेकवलं तसा आलेला.

"झालं काय रे?" काका म्हणाले. ते उठून माझ्या मागं आले. दोन्ही फोन बघितले त्यांनी. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मावशींना म्हणाले, "चहा सांगू का तुम्हाला?"

मी फोन गरम करायला ठेवला. गोंद सैल झाला, कड उचलली. डिस्प्ले फोनला जोडणारी पट्टी काढायच्या आधी माझा फोन समोर उभा करून ठेवला. का, माहीत नाही. ठिपका अजून होता. चिमट्यानं पट्टी उचलली.

निळा गेला. खाली बारीक अक्षरात आलं, 'तुम्ही एकटे बघत आहात.'

चार महिन्यांपूर्वी हे काम वीस मिनिटांत केलं असतं तर.

नवीन डिस्प्ले बसवला. बसवल्यावर सगळे कोपरे तपासावे लागतात, ते कामच आहे. बोट फिरवलं, कुठं अडकत नव्हतं. शेवटी उजवी कड, जरा वर. माझ्या फोनवर निळा ठिपका परत आला, संकटांच्या समुद्रात. या वेळी थरथरत नव्हता.

बोट उचललं. ॲपमधून तिचं खातं बंद केलं. सेटिंग पूर्ववत केली. काच पुसली.

"झाला?" मावशी म्हणाल्या.

"झाला. आता आपोआप काही होणार नाही."

त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "तिला काही सांगू का?"

खूप होतं सांगायला. तिकीट वरच्या खिशात होतं.

"सांगा, चार महिने लावले म्हणून सॉरी," मी म्हणालो. "आणि म्हणावं, मी येत नाहीये."