धुराड्यातून जाणारी ऊब

दिनकर म्युनिकला ज्वलनावर डॉक्टरेट करत होता आणि मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. देवळात गेला असता तर समईचा धूरही मोजून आला असता. त्याच्या बायकोचं, वसुधाचं दुखणं निराळं होतं. मागचा हिवाळा तिने कसाबसा काढला होता. आता पदरात तान्ही उल्का होती.

"हा एक हिवाळा बघते," ती म्हणाली होती. "पोरीला सोसलं नाही तर साताऱ्याला जाईन. मग परत बोलावू नका." वसुधा बोलेल तसं वागणारी होती.

त्यांच्या भाड्याच्या घरात गॅसचा जुनाट बॉयलर होता. दिवसभर धापा टाकूनही खोल्या जेमतेम कोमट व्हायच्या. दिनकरने धुराड्याच्या नळीत थर्मामीटर घातला, किती गॅस जळला आणि पाणी किती तापलं ते ताडून पाहिलं, आणि जेवताना निकाल सांगितला. निम्मी ऊब पाण्यात उतरतच नव्हती, धुराड्यातून आभाळात जात होती.

"निम्मी तरी मिळतेय ना? अहो, चालतंय ते चालू दे."

"नवा बसला तर खोली कितीतरी गरम होईल. आकडे दाखवल्यावर फ्राऊ हुबर नाही कशाला म्हणतील?"

घरमालकीण फ्राऊ हुबरनी आकडे ऐकून घेतले, "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलावली आणि धुराडी तपासणाऱ्या शोर्नस्टाइनफेगरला बोलावलं. त्याने बॉयलर उघडला. आत काजळी दाटली होती, पत्र्याला तडा गेला होता.

"विषारी वायू केव्हाही खोलीत आला असता," तो म्हणाला. दिनकरचा हात हातात घेऊन त्याने शाबासकी दिली आणि गॅसच्या नळाला सील ठोकलं. नवा बॉयलर ईस्टरनंतर बघू, असं फ्राऊ हुबरनी सांगितलं. तेव्हा नोव्हेंबर चालू होता.

विजेची शेगडी लावली की फ्यूज उडायचा. दुसरं घर शोधावं, तर तान्हं मूल म्हटल्यावर दारं बंद व्हायची. उल्काचा खोकला छातीत उतरला. तिला उबदार खोलीत ठेवा, डॉक्टर म्हणाले. दिनकरने फ्राऊ हुबरचे अक्षरशः पाय धरले, पण उपयोग झाला नाही. एवढं शिकून पोरीपुरती एक खोली तापवता येत नाही, या विचाराने तो आतून पार खचला.

डिसेंबरात तो दोघींना विमानतळाच्या गाडीत बसवायला स्टेशनवर गेला. वसुधा भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "तो बॉयलर तसाच चालू राहिला असता तर कदाचित आपण तिघंही गेलो असतो. कळतं मला."

दिनकरला धीर आला. "मग उन्हाळ्यात येशील?"

"नाही," ती म्हणाली आणि उल्काला छातीशी धरून डब्यात चढली.