दारात उभी पहाट

“जसं म्हंते तसं लिव्ह, नर्सबाई. आपल्या पदरचं घालू नगंस.”

अंधारातून हा आवाज आला आणि मी खुर्चीत सावरून बसले. धोंडुबाईला जाऊन अकरा वर्षं झाली. तरी ती समोर होती, सांगलीच्या थिएटरच्या भिंतीएवढी मोठी. माळावरच्या दगडाला टेकलेली, मांडीवर लोकरीचा पुंजका, हातात गरगरणारी टकळी. तिचं हे वाक्य मीच दिग्दर्शकाला, विश्वजितला, सांगितलं होतं. पण ‘नगंस’ म्हणताना ती हनुवटी जराशी वर करायची, ते त्या नटीला कुणी सांगितलं? मी तर नाही.

शेजारी धोंडुबाईचा मुलगा नाथाजी बसला होता. त्यानं माझा दंड धरला.

“बाई, टकळी डाव्या हातात हाय बगा.”

“होय रे.”

“आई डावखोरी व्हती, त्ये म्या न्हाई सांगितलं ह्यांला. तुमी सांगितलं?”

“नाही.”

तो पुटपुटला, “मंजी आलीया ती.”

पुढं कळलं, ती नटी स्वतःच डावखुरी. माझ्या भावाची सून भाग्यश्री म्हणाली, योगायोग. मला तसं म्हणवेना. गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की हात आपोआप जुळतात, तसे त्या अंधारात माझे जुळले होते आणि ते बराच वेळ सुटलेच नाहीत.

धोंडुबाई कोळेकर कोण, हे आता पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. आटपाडीच्या पलीकडं माळावर मेंढरं राखणारी बाई. अक्षराची ओळख नाही, रेशनच्या कार्डावर अंगठा. चालता चालता गाणी रचायची आणि ती मी लिहून घ्यायची. मी त्या भागातल्या उपकेंद्राची नर्स होते. पोरांच्या लसीकरणाचं रजिस्टर असे, त्याची मागची पानं कोरी राहत. त्या पानांवर तिची एकशे बारा गाणी आहेत. पुढं एका प्राध्यापकांनी त्यांचं पुस्तक केलं. ते पुस्तक विश्वजितच्या हाती पडलं आणि त्यानं हा पिक्चर काढला. विश्वजित मूळचा विट्याचा. वडिलांचं गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं, दुकान कोइमतूरला, त्यामुळं पोरगा तिकडंच वाढलेला. मराठीसुद्धा अडखळत बोलायचा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा म्हणाला, “मावशी, घाण जळून गेली की मुशीत जे राहतं ना, तसली ही गाणी आहेत.” मी त्याला चहा दिला आणि स्वतःला मनातल्या मनात काहीबाही म्हणत बसले.

पिक्चरचं नाव ‘दारात उभी पहाट’. यंदा समीक्षकांच्या मंडळानं त्याला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून निवडलं. नाव ज्या गाण्यावरून घेतलं ते गाणं पडद्यावर आलं, तेव्हा थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. धोंडुबाईचं पहिलं मूल जन्मताच गेलेलं. नर्स माळावरून अनवाणी धावत येते, पण उशीर झालेला असतो. ती धोंडुबाईला मिठीत घेते. धुकं पांढरं होत जातं, आणि त्या धुक्यात कुणीतरी उभं आहे असं वाटतं न वाटतं. मग आवाज येतो:

दारात उभी पहाट, पांढरं तिचं लुगडं,
ओठावर ठेवी बोट, म्हनं थांब रं थोडं.
गुनाचं माजं बाळ, तिचा शबुद पाळी,
थांबलं ते थांबलं, सूर्व्या आला कपाळी.

माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. तो तसाच हातात धरून ती बघत राहिली.

मी मात्र मान खाली घातली होती. मी धावले नव्हते.

खेळ संपल्यावर दिवे लागले. विश्वजितनं निवड समितीचं मानपत्र वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, ‘एका निरक्षर स्त्रीने मृत्यूला पांढरं लुगडं नेसवून त्याची पहाट केली. ही प्रतिमा थक्क करणारी आहे.’ टाळ्या थांबेनात. मग तो खाली उतरला, सरळ माझ्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत माझ्या पायावर डोकं ठेवलं.

“ह्या मावशी नसत्या तर धोंडुबाई वाऱ्यावर गेल्या असत्या.”

“ऊठ रे बाळा,” मी म्हटलं. “मला तुझ्याशी बोलायचंय. त्या गाण्यातल्या पहिल्या ओळीत…”

“मावशी, त्या एका ओळीवर तर सगळा पिक्चर उभा आहे!” त्याचे डोळे भरून आले होते. “उद्या वस्तीवर दाखवतोय, तिन्हीसांजेला, मोकळ्या माळावर. ते गाणं तुम्हीच म्हणायचं. मानपत्र तुमच्या हातानं नाथाजीला द्यायचं. चारला गाडी पाठवतो.”

कुणीतरी पेढ्याचा पुडा पुढं केला. भाग्यश्रीनंच तो परस्पर फिरवला. “आत्या गोड खात नाहीत हो. छत्तीस-सदतीस वर्षं झाली, साखरेला शिवलेल्या नाहीत. कसलं व्रत ते आम्हाला पण सांगत नाहीत.”

ते सांगते.

मी उपकेंद्रात राहत होते तेव्हा रोज पहाटे सामायिकाला, आम्हा जैनांच्या ध्यानाला, बसायची. दोन घटका, म्हणजे पाऊण तासाच्या थोडं वर. मौन धरायचं, आसन सोडायचं नाही, मन सर्वांबद्दल समान ठेवायचं. माझ्या आईनं लावलेला नियम. नोकरी लागल्यापासून एकदाही मोडला नव्हता आणि त्याचा मला थोडा गर्वही होता, आता कबूल करायला काय.

त्या पहाटे दार वाजलं. वाजतच राहिलं. शेवटी मी उठले, दार उघडलं. धोंडुबाईचा नवरा जोतीराम सायकल टाकून उभा होता, कपाळावरून घाम.

“आवं बाई, चला की! पोटात कळा सुटल्यात तिच्या, लय तरास व्हतोय!”

मी पांढऱ्या पातळात होते. तोंडानं काही बोलले नाही. ओठावर बोट ठेवलं, त्याला पायरी दाखवली आणि परत आसनावर जाऊन बसले. आधीच अर्धी घटका गेली होती, राहिलेलं पुरं करावं म्हटलं. पहिलटकरणीला वेळ लागतोच, हेही मनात होतं. तो गरीब माणूस पायरीवर बसून राहिला. त्याला वाटलं, बाई देवाचं करतायत, बोलू नये.

मग मी पिशवी घेतली, त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. पोचले तेव्हा सूर्य वर आला होता. मुलगा होता. नाळ गळ्याभोवती. मोठे डॉक्टर नंतर म्हणाले, लवकर जाऊन तरी वाचलं असतंच असं नाही. असतंच असं नाही. हे तीन शब्द मी अजून चघळते आहे.

त्या दिवशी मी साखर सोडली. सामायिक सोडलं नाही, पण त्यानंतर बसताना दाराला कडी लावली नाही. नंतर कधी कुणी तसं आलंच नाही. परीक्षा पुन्हा घेत नाहीत.

पाच-सहा महिन्यांनी धोंडुबाई उपकेंद्रावर आली. टकळी फिरवत पायरीवर बसली, त्याच पायरीवर, आणि म्हणाली, “गानं आलंय. लिव्ह.” तोवर मी तिची तीसेक गाणी लिहिली होती. मी रजिस्टर उघडलं. ती म्हणाली:

“दारात उभी बाई, पांढरं तिचं लुगडं…”

मी ‘बाई’ लिहिलं. पुढच्या ओळीला माझा हात थांबला. जोतीरामनं तिला सगळं सांगितलं होतं तर. वर बघायचं धाडस झालं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. मेंढरू हरवलं की त्याचा रंग सांगावा, शिंगं सांगावी, तसं ती सांगत होती. चारही ओळी लिहिल्या. ती गेल्यावर मी रबर घेतलं, ‘बाई’ खोडलं आणि तिथं ‘पहाट’ लिहिलं. एकच शब्द. बाकी सगळं तिचं.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी सेवानिवृत्तीला टेकले होते. तिला वाचून दाखवायला वस्तीवर गेले. ती म्हातारी दिसायला लागली होती, हातात टकळी तशीच. ते गाणं आलं. मी वाचलं.

“पुन्ना वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“पहाट व्हय?” ती म्हणाली. टकळी थांबली नाही. “पहाटंला बोट कुठलं गं, नर्सबाई?”

मी पुस्तक मिटलं. “चुकलं, धोंडुबाई. नीट करीन मी.”

“कर. घाई न्हाई. तुज्या जिवाला झेपंल तवा कर.” तिनं धाग्याला गाठ दिली. “पर तसंच ठिवू नगंस. तू ‘थांब’ म्हनलीस म्हनून त्ये पोरगं थांबलंय. त्याला कुनी सांगितलंच न्हाई, की जा आता.”

मग तिनं मला ताक दिलं. मी ते प्याले, आणि ती मेंढरांमागं गेली. मी कितीतरी वेळ तिच्या पाठमोऱ्या लुगड्याकडं बघत होते. एवढं मोठं दुःख एवढ्या साध्या हातानं उचलणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. मुनीमहाराजांची प्रवचनं आयुष्यभर ऐकली. क्षमा म्हणजे काय ते मला एका मेंढकीनं सांगितलं, तेही ताक ओतता ओतता.

थिएटरातून परतल्यावर दिवस मावळायच्या आत मी दोन घास खाल्ले. भाग्यश्री पानावरून उठेना, तिला पिक्चरबद्दल बोलायचं होतं.

“आत्या, तुमचं काम केलेली ती नर्स काय सुंदर आहे हो! तुम्ही तरुणपणी तशा दिसायच्या?”

“छे गं. माझे दात पुढं होते.”

“आणि धावत काय येते! माझ्या तर अंगावर काटा आला. उद्या सगळी वस्ती तुमच्या पाया पडणार बघा.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

“म्हणूनच काय?”

मी ताट उचलून आत गेले. तिला वाटलं असेल, आत्याचं संध्याकाळचं मौन सुरू झालं.

ट्रंकेतून रजिस्टर काढलं. त्याला मी माझं शेवटचं युनिफॉर्मचं पातळ गुंडाळून ठेवलं होतं. पान उघडून दिव्यासमोर धरलं. खोडलेल्या जागी कागद इतका पातळ झालाय की ‘पहाट’च्या मागून उजेड येतो. रबरानं अक्षर जातं, पण पेन्सिलीनं दाबलेली खूण जात नाही. बोट फिरवलं की ‘बाई’ अजून हाताला लागते.

विश्वजितचा विचार केला. त्याचा सगळा पिक्चर त्या ओळीवर उभा आहे, असं तो म्हणाला. समितीचे लोक, पेपरवाले, काय म्हणतील त्याला? आणि नाथाजी? आजपर्यंत मला देवीसारखं मानतो, पोरांच्या जावळाला बोलावतो. आपला थोरला भाऊ कुणाची वाट बघत राहिला, हे त्याला कळलं तर? पुन्हा माझ्या हातचं पाणी तरी घेईल का? आणि हे त्यानं कुठं ऐकावं? माईकवरून, सगळ्या वस्तीत बसून? नाही. त्याला आधी. एकट्याला. पडदा लागायच्या आत. मग विश्वजितला, आणि मग माळावर जे काय जमतील त्यांना. मुशीत काय राहतं ते राहू दे.

पहाटे साडेपाचला उठले. अंघोळ केली. ते पांढरं पातळ नेसले. घडीवर पिवळे डाग पडलेत, तरी तेच. पिशवीत रजिस्टर घातलं, एक पेन्सिल टोक करून घातली. आटपाडीची एस.टी. सव्वासहाला माधवनगरच्या फाट्यावर येते. दुसरी थेट अकराला, म्हणजे वस्तीवर पोचेस्तोवर मांडवाची माणसं, जनरेटर, पाहुणे, नाथाजी एकटा सापडायचाच नाही.

देव्हाऱ्यासमोर आसन अंथरलं होतं. रोजच्या सवयीनं मीच अंथरलेलं. त्यावर बसायला वाकले आणि घड्याळाकडं लक्ष गेलं. सहाला पाच कमी.

दोन घटका.

मी तशीच क्षणभर वाकलेली राहिले. मग आसन उचललं, झटकलं, घडी घालून पिशवीत रजिस्टरवर ठेवलं.

भाग्यश्री डोळे चोळत बाहेर आली. “अगं बाई, आत्या! एवढ्या लवकर? आणि सामायिक?”

“आलेच की जाऊन,” मी म्हटलं.

“गाडी चारला येणार आहे हो न्यायला! बोलत का नाही तुम्ही नीट? कुठं चाललात ते तरी सांगा!”

“नाथाजीकडं. त्याला माझ्या तोंडून काही सांगायचंय.” दारातच थांबून मी तिच्याकडं वळले. “तुला पण सांगेन. आल्यावर.”

चपला घातल्या. समोरच्या घरात कुणीतरी बंब पेटवला होता, धूर खाली खाली पसरत होता. फाट्यावर माणसांची हालचाल दिसत होती. पिशवी छातीशी धरली आणि मी जरा भराभर चालू लागले. मग कुणी बघत नाही असं वाटून, गुडघे दुखत होते तरी, जमेल तशी धावले.