एक चूल, दोन पगार

लग्नाला नऊ वर्षं होऊनही धाकट्या जावेची कूस रिकामी होती. कमी कमाईच्या घरांना एका दवाखान्यात मूल होण्याचे उपचार निम्म्या खर्चात मिळतात असं कळलं, म्हणून आम्ही दोघी अर्ज घेऊन गेलो.

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "एका चुलीवर किती जण जेवता?"

"पाच," मी म्हणाले. खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे.

"मग सगळ्यांची कमाई धरायची. यांच्या नवऱ्याच्या पगारात तुमचा धुलाई कारखान्यातला पगार मिळवला की तुम्ही सवलतीत बसत नाही."

"त्यात सासूबाईंची औषधं भागतात, दादा. हिच्या हाती काय येतं?"

"नियम आहे. वेगळ्या राहत असता तर काम झालं असतं."

"चला, जाऊबाई," धाकटी पुटपुटली. "माझं नशीबच फुटकं."

"नशिबाला कशाला बोल लावतेस?" माझा आवाज चढला, तशी रांग वळून बघू लागली. "भांड्याला भांडं लागलं, पण आम्ही चूल मोडली नाही. आणि हे सांगतात, आधी घर फोडा, मग पाळणा हलेल!"

मी कारकुनाकडून कोरा अर्ज मागून घेतला.

येताना शेगडी विकत घेतली आणि धाकटीच्या खोलीत मांडली. खोटं लिहायचं नव्हतं, तेव्हा चूल खरोखरच वेगळी करायला हवी होती.

सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "भांडलात का गं?"

"नाही सासूबाई," मी म्हणाले. "खिडकीवाल्याने आमच्या वाटण्या करून दिल्या."