गळतीची चाचणी

बाबा आयुष्यभर प्लंबर होते, त्यामुळे गिळण्याची चाचणी त्यांना समजावून सांगावी लागली नाही. पक्षाघातानंतर श्वासासाठी त्यांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. अन्न नाकातल्या दुसऱ्या नळीतून थेट पोटात जायचं. आज तोंडाने रंगीत काहीतरी द्यायचं आणि गळ्यातल्या नळीतून यंत्राने कफ ओढून बघायचा. रंग आला, तर घास श्वासनलिकेत उतरतोय. मग तोंडाने खाणं बंदच राहणार.

गिळण्याच्या थेरपिस्ट बाईंनी काल चाचणीचा विषय काढला, तेव्हा बाबांनी गळ्यातल्या नळीच्या तोंडावर बोट ठेवलं. तसं केलं की त्यांना थोडं बोलता येतं.

"आम्हीही टाकीत रंग टाकूनच गळती शोधतो. पण तुमचं निळं पाणी नको. खायला द्या."

म्हणून बाईंना विचारून आज मी ब्लूबेरी आणल्या होत्या. वाटून, गाळून, दाट केलेल्या.

"एवढं काय असतं गं यात?" आईने विचारलं.

मी आहारशास्त्र शिकले आहे. "तंतू, क आणि के जीवनसत्त्व. रंगद्रव्य रक्तवाहिन्यांना चांगलं असावं, असं काही अभ्यास म्हणतात. पण रोज मूठभर खाल्ल्या तर. या चमच्यात जेमतेम तीन कॅलरी आहेत. पोषण असं काहीच नाही."

"मग तुझं शास्त्र ठेव बाजूला. खाऊ दे त्यांना."

बाईंनी चमचा ओठांना लावला. बाबांनी डोळे मिटले. गळ्याचा उंचवटा हळूच वर गेला, खाली आला.

"आंबट आहे," ते म्हणाले. "आण अजून."

नर्सने कफ ओढला. पांढरा. आई चक्क हसली. "बघा, पाईप ठणठणीत!"

"जरा थांबू या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा ओढला तेव्हा यंत्राच्या पारदर्शक नळीतून जांभळी रेघ सरकत वर आली. बाबा नळीकडेच बघत होते.

"गळतंय," ते म्हणाले.

बाईंनी वाटी उचलली. आता नाकाऐवजी पोटाला छेद देऊन नळी घालण्याबद्दल डॉक्टर बोलतील, म्हणाल्या.

थोड्या वेळाने नर्स तोंड पुसायला ओला स्पंज घेऊन आली. बाबांनी दात घट्ट आवळले. जीभ अजून जांभळी असणार, चवही असेल तोंडात.

"राहू द्या थोडा वेळ," आई म्हणाली.

तोंड अस्वच्छ राहिलं तर न्यूमोनियाचा धोका वाढतो. हे मला पाठ आहे. नर्स माझ्याकडे बघत उभी होती.

मी तिच्या हातातून स्पंज घेतला आणि खाली ठेवला.