डाव्या पाट्यामागचा जोड

मित्रांनो, मी शेहेचाळीस वर्षांची एक जुनी जीप आहे. खरं म्हणजे होते. आता माझं इंजिन दुसऱ्याच एका शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं आहे आणि माझ्या अंगाचा पत्रा भिंतीला टेकून उभा आहे. ज्या सांगाड्यावर हे सगळं बसवलेलं होतं, तो सांगाडा तर राहिलेलाच नाही. माणसाला जसा पाठीचा कणा असतो, तसे गाडीला खालून दोन लांब लोखंडी दांडे असतात. त्यांना चॅसी म्हणतात. माझी चॅसी का गेली, ते मी तुम्हाला सांगणार आहे. ऐकायला फार बरं वाटेल असं ते नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. सगळ्यात आधी चॅसी तयार झाली. तिच्या पुढच्या टोकाला एका कामगाराने हातोडीने नंबर ठोकला. तोच नंबर इंजिनावर आणि कागदांवरही आला. पहिली पंधरा-सोळा वर्षं मी डोंगरात रस्ते बांधणाऱ्या खात्याकडे होते. जिथे रस्ताच नाही तिथे जायचं, हेच माझं काम. चारही चाकांना ताकद लावली की चिखल असो, ओढा असो, मी अंग चोरलं नाही. पुढे खात्याने नव्या गाड्या घेतल्या आणि मला लिलावात काढलं. तिथून मला डॉक्टरांनी आणलं.

डॉक्टर जनावरांचे होते. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये गाय अडली, घोडा लंगडू लागला की त्यांना बोलावणं यायचं. बावीस वर्षं मी त्यांना वर नेलं आणि खाली आणलं. माझ्या मागच्या सीटवर वासरं पोत्यात गुंडाळून आली आहेत. डॉक्टर मला बाहेरून कधी धूत नसत, पण आतला कोपरा न् कोपरा औषधाच्या पाण्याने पुसत. त्यांच्या बायकोला मी मनात बाईच म्हणत असे. कधी कधी त्या शेजारी बसत, औषधांची पेटी मांडीवर घट्ट धरून. वळण आलं की डोळे मिटून घ्यायच्या आणि वळण गेलं की म्हणायच्या, "झालं का?" डॉक्टर म्हणायचे, "अजून अकरा आहेत."

माझी देखभाल मिस्त्री करायचे. चौकात त्यांचं गॅरेज होतं. माणूस कमी बोलायचा, पण हात सोन्याचे. डॉक्टरांच्या घरी त्यांचं ताट कायम वाढलेलं असे आणि बाईंना ते वहिनी म्हणत.

एकदा ओढ्यातून जाताना माझं डावं चाक खोल खड्ड्यात आदळलं. माझ्या पोटात कुठेतरी कटकन झालं. इंजिनाच्या आवाजात डॉक्टरांना ते ऐकू आलं नाही. दोन दिवसांनी ते मिस्त्रींना म्हणाले, "गाडी डावीकडे ओढतेय रे."

मिस्त्री माझ्याखाली शिरले. पुढच्या डाव्या पाट्यामागे, म्हणजे चाकाचे हादरे झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या मागे, चॅसीला बोटभर चीर गेली होती. आजूबाजूला गंजही धरला होता.

"डॉक्टर, गाडी इथेच ठेवा. इंजिन उतरवायला लागेल. गंज खरवडून, आतून पट्टी घालून मग जोडायचं. चार दिवस द्या."

"चार दिवस कुठून आणू? वरच्या वस्तीवर साथ आलीय, रोज दोन-दोन गाई जातायत. तात्पुरतं काहीतरी कर."

"तात्पुरतं म्हणजे वरून ठिगळ. ते काही खरं नाही."

"महिनाभर चालेल ना?"

"महिनाभर चालेल. पण महिन्याने आणायचीच."

"आणतो."

गंजावरच लोखंडाची एक पट्टी ठेवून मिस्त्रींनी ती वेल्डिंगने जोडली आणि वर काळा रंग फासला. बाहेरून जोड देखणा दिसत होता. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

महिना गेला. साथ आटोक्यात आली. चौकात भेट झाली की मिस्त्री विचारायचे, "डॉक्टर, गाडी?" डॉक्टर म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात नक्की." असे किती आठवडे आले नि गेले. मग मिस्त्रींनी विचारणंच सोडून दिलं. मी चालत होते ना. जे चालतंय त्याच्याकडे कोण वाकून बघतं?

आठव्या महिन्यात डॉक्टर एका सकाळी बाईंना म्हणाले, "चल, आज काम नाही. वरचं कुरण तुला दाखवतो." बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी औषधाच्या पेटीशिवाय वर गेले. दोघं गवतात बसून जेवली. त्या दिवशी बाईंनी वळणं उघड्या डोळ्यांनी पाहिली. उतरताना त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "उगीच घाबरत होते मी इतकी वर्षं."

त्यानंतर तीन आठवड्यांत डॉक्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. मला शेडमध्ये लावून वर ताडपत्री टाकली. मी तिथे आठ वर्षं उभी राहिले. शेडचा पत्रा डाव्या बाजूला गळत होता. उंदरांनी सीटमधला स्पंज नेला, टायर जमिनीत रुतले. डॉक्टरांना धरून बाई सुरुवातीला कधी कधी शेडच्या दारापर्यंत आणायच्या. ते नुसते बघत राहायचे. त्यांचं बोलणं गेलं होतं. मग ते येणंही थांबलं. गेल्या वर्षी ते वारले. मिस्त्री आले होते, पण फाटकाच्या आत आले नाहीत.

बाईंना आता लेकीकडे राहायला जायचं होतं. घर रिकामं करायचं होतं आणि मला विकायचं होतं.

पहिला आला तो जुन्या गाड्यांचा दलाल. माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "ताई, अशा गाड्यांना हल्ली शौकीन लोक शोधत असतात. मला द्या. रंग मारून नवरीसारखी करतो." त्याने सांगितलेली किंमत बाईंना कमी वाटली.

मग एक इंजिनिअरबाई आल्या. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी मोजायचं त्यांचं काम होतं. त्यांनी माझ्या चॅसीवरचा नंबर ओल्या फडक्याने पुसून वाचला, इंजिनावरचा वाचला, कागदांशी ताडून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "तिन्ही जुळतात. असं हल्ली मिळत नाही. तुमच्या मनातली किंमत मला मान्य आहे. फक्त कुणा जाणत्या माणसाने एकदा बघू दे."

"जाणता माणूस आमच्या घरचाच आहे," बाई म्हणाल्या.

दलालाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला करताय, ताई?" बाई हसल्या. त्यांना मिस्त्रींची खात्री होती.

मिस्त्री आले तेव्हा मी त्यांना त्यांच्या चालीवरून ओळखलं. म्हातारे झाले होते, गॅरेजही बंद केलं होतं. ताडपत्री निघाली. इंजिनिअरबाई वही घेऊन त्यांच्यामागे फिरू लागल्या.

मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक माझ्या दारांवरून फिरवलं. "जिथे पत्रा खरा, तिथे हे चिकटतं. जिथे नुसती पुट्टी भरलीय, तिथून घसरतं." एका दाराच्या खालच्या कडेला ते घसरलं, बाकी सगळीकडे चिकटलं. मग माझ्या इंजिनावर हात ठेवून ते म्हणाले, "गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड आहे ना बघा. तापवून ठेवलेलं इंजिन गोड बोलतं. थंड इंजिन खरं बोलतं." नवी बॅटरी, नवं पेट्रोल. मी तीनदा खोकले आणि चौथ्यांदा सुरू झाले. धूर निळसर आला, मग विरळ झाला. ऑईलची पट्टी ओढून त्यांनी ते दोन बोटांत चोळलं. पाणी मिसळलेलं नव्हतं. गिअर पडले. चारही चाकं अंगणात फिरली. बाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. आठ वर्षांत त्यांना इतकं हलकं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

खालून बघायचं मिस्त्रींनी शेवटाला ठेवलं होतं. का ते मला ठाऊक होतं.

"आणि खालून?" इंजिनिअरबाईंनी विचारलं.

मिस्त्री टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आडवे झाले. उजव्या दांड्यावर ठोकलं तर खणखणीत आवाज आला. डाव्या दांड्यावर ठोकलं तर भिजल्या लाकडासारखा. त्यांचा हात सरकत सरकत त्या पट्टीपाशी आला आणि थांबला. तिच्यावरचा काळा रंग अजून शाबूत होता. तिथून ते तसेच बाहेर येऊ शकले असते. कुणालाच कळलं नसतं. त्यांनी पट्टीच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

ते किती वेळ तसेच पडून राहिले सांगता येणार नाही. त्यांचा श्वास माझ्या लोखंडाला लागत होता.

बाहेर आल्यावर ते कुणाकडेच बघेनात. इंजिनिअरबाई म्हणाल्या, "मला त्या सगळ्यातलं कळत नाही, काका. माझी दोन मुलं मागे बसणार आहेत. बसवू का, एवढंच सांगा."

"नका बसवू."

बाई पायरी उतरून आल्या. "म्हणजे?"

"चॅसी गेलीय, वहिनी. डाव्या पाट्यामागे चीर पडली होती. मी वरून ठिगळ लावलं होतं. महिन्याभरासाठी. गाडी परत आली नाही आणि मीही मागे लागलो नाही. आत आता नुसता भुगा आहे. नवा जोड लावायला धड लोखंडच उरलेलं नाही."

बाई म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं?"

"हो. आम्हा दोघांनाही."

"आम्ही वरच्या कुरणावर गेलो होतो. शेवटचं."

"मी चौकात होतो," मिस्त्री म्हणाले. "तुम्हाला जाताना पाहिलं. हातही केला होता."

बाईंच्या हातात गाडीच्या किल्ल्या होत्या. त्या त्यांनी माझ्या बॉनेटवर ठेवल्या, अगदी हळू.

इंजिनिअरबाईंनी अवघडून विचारलं, "मग हिची खरी किंमत काय?"

"इंजिन, गिअर, दोन्ही एक्सल चांगले आहेत, त्यांची होईल. पत्र्याची थोडी. चॅसीची शून्य. जुळत्या नंबरासाठी लोक जास्त देतात, पण तो नंबर ह्याच दांड्यावर आहे, म्हणून त्याचीही शून्य. वहिनींनी सांगितलं त्याचा तिसरा हिस्सा. त्याहून एक पैसा जास्त देऊ नका." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बावीस वर्षं तुम्हाला घरचं समजले," एवढंच म्हणून बाई आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना पाणीसुद्धा विचारलं नाही.

दलालाला वास लागायला वेळ लागला नाही. दुपारीच तो आला. "ताई, त्या म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका. तुमची पूर्ण किंमत मी देतो. ते चॅसीचं आपल्या दोघांत राहू दे."

"तुम्ही हिचं काय कराल?"

"रंग मारायचा नि विकायची. गिऱ्हाईक असतंच."

"त्याला सांगाल?"

"विचारलं तर सांगू की."

बाईंना लेकीच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्या पूर्ण किमतीत त्यांची पुढची काही वर्षं मानाने गेली असती. "उद्या कळवते," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्या शेडमध्ये आल्या आणि माझ्या पुढच्या सीटवर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. एकदा मागे वळून त्यांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं, तेवढंच.

सकाळी त्यांनी मिस्त्रींना फोन केला. "कटर घेऊन या. जोड तुम्ही लावलात, आता कापाही तुम्हीच."

दोन दिवस मिस्त्री मला एकेक करून सोडवत होते. इंजिन, गिअर आणि दोन्ही एक्सल इंजिनिअरबाईंनी नेले, मिस्त्रींनी सांगितलेल्या किमतीला. त्यांच्याकडे एक अर्धवट जीप आहे, तिच्यात बसवतील. पत्राही त्याच घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी अंगणात नुसती चॅसी उरली. मिस्त्रींनी ती तीन ठिकाणी कापली. नंबराचा तुकडा वेगळा निघाला. तो पुसून त्यांनी बाईंपुढे धरला. "आठवण म्हणून ठेवा."

"हा दुसऱ्या गाडीला लावता येतो का?"

"लावणारे लावतात."

"मग ह्याचेही दोन करा."

त्यांनी केले. सगळं झाल्यावर बाई म्हणाल्या, "हात धुऊन घ्या. साबण मोरीतच आहे." मिस्त्रींनी हात धुतले. बाईंनी बसा म्हटलं नाही आणि तेही थांबले नाहीत.

मित्रांनो, मला डॉक्टरांचा राग येत नाही. मिस्त्रींचाही नाही. दोघंही मला जीव लावणारी माणसं होती, पण जीव लावणं आणि निगा राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक म्हणतील, जीपने आठ महिने त्यांना सांभाळलं. मी सांभाळलं नाही. मी फक्त तुटायची राहून गेले, आणि त्यात माझं काही शौर्य नाही. तुमच्याही घरात कुणीतरी "तात्पुरतं" म्हणून केलेलं काहीतरी असेल. शिडीची पायरी असेल, विजेची वायर असेल, सायकलचा ब्रेक असेल. ते चालतंय म्हणून पुढे जाऊ नका. आजच वाकून बघा, आणि तिथे तुमचाच हात दिसला, तर ज्याचा जीव त्यावर टेकलेला आहे त्याला आधी सांगा.