नव्वद मीटरवरची गाय

समुद्रपूरकडच्या दवाखान्यात गुरं तपासणाऱ्या पुंडलिकरावांना सगळे डॉक्टर म्हणत. वय छप्पन, कंबर त्याहून म्हातारी. २००९चा श्रावण. सकाळपासून तीन गावं झाली होती, जेवण झालं नव्हतं, आणि तानाबाईचा फोन आला. तिची गाय विताना अडली होती. विधवा बाई, घरात मिळवतं म्हणाल तर हे एकच जनावर.

पुंडलिकरावांच्या मोबाइलमध्ये तालुक्याच्या साहेबांनी जीपीएसचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. उभ्या जागेचे अक्षांश-रेखांश ते साठवून ठेवी आणि पुढच्या वेळी सरळ रेषेत बाण दाखवून तिथं नेई. महिन्यापूर्वी लसीकरणाच्या जीपमधून ते तानाबाईच्या शेतात गेले होते, पण वाटभर पेंगत. रस्ता कसला आठवतो? नोंद मात्र होती. बाण म्हणाला, चार किलोमीटर. कोणाला विचारायचंसुद्धा जिवावर आलं होतं. त्यांनी मोटारसायकल काढली.

शेतांमधली पांदण संपली, मग गाडी सोडून चिखलातून पायी. आकडा घटत होता, तेवढाच दिलासा. नव्वद मीटर उरले आणि समोर वणा नदी आडवी आली, काठोकाठ भरलेली. बाण आपला पाण्यावरून सरळ पलीकडं दाखवतोय. त्याला थोडंच पोहायचं होतं. पुंडलिकरावांना स्वतःची इतकी चीड आली की ते तिथंच खाली बसले.

पलीकडं गाय पडलेली दिसत होती. तानाबाई हात हलवत होती. पुलावरून चौदा किलोमीटरचा फेरा, म्हणजे तास गेला असता, आणि गाईकडं तास नव्हता. त्यांनी फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, त्या अंगाले काऊन गेले?"

"चुकलो बाई. पाय किती दिसून राह्यले?"

"एकच. अन् नाक."

"दुसरा मागं मुडपला असन. फोनचा आवाज मोठा करा, बाजूले ठेवा. कोपरापर्यंत तेल लावा."

"मले नाई जमणार."

"मलेही इथून नाई जमत, तानाबाई. तुमालेच करा लागते."

त्यांनी सावकाश सांगितलं. कळ थांबली की वासरू आत ढकला, खूर मुठीत झाका, मग पाय पुढं घ्या. ती दोनदा रडली, एकदा तिनं त्यांना शिवी दिली. त्यांनी ती मुकाट्यानं घेतली, हक्काचीच होती. शेवटी ती म्हणाली, "आला, पाय आला." पुंडलिकराव म्हणाले, "आता कळेसंगं ओढा," आणि फोन बंद पडला. बाणानं सगळी बॅटरी खाल्ली होती.

मग नुसतं बघणं उरलं. तानाबाई ओढत होती, घसरत होती. काहीतरी तांबडं गवतावर पडलं आणि हललं नाही. "नाकात काडी घाला," पुंडलिकराव ओरडले, परत परत ओरडले. नदीनं त्यातलं काही पलीकडं जाऊ दिलं नाही.

तानाबाई बराच वेळ वाकून होती. मग तिनं डोक्यावरचा पदर सोडला आणि ते ओलं अंग पुसायला घेतलं, पाठीपासून खालपर्यंत, हळूहळू. मेलेल्या वासराला कोणी पुसत नाही. पुंडलिकरावांना रडू आलं. मग ते चिखलातून गाडीकडं निघाले. पुलावरून जाऊन गाय बघायची अजून बाकी होती.